साथ गोठ्याच्या दारात असताना: पशुपालकाची कायदेशीर जबाबदारी आणि क्रमाने करायची कामे

सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी चर्मरोगामुळे अख्खा महाराष्ट्र 'नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर झाला. गुरांचे बाजार बंद पडले, जनावरांची ने-आण थांबली. जनावरांच्या साथींसाठी देशात एक स्वतंत्र केंद्रीय कायदा आहे, ही गोष्ट तेव्हा गावोगावी चर्चेत आली. त्या कायद्याचे नाव 'प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९'. त्यातली पहिली जबाबदारी जनावराच्या मालकावर आहे. डॉक्टर, ग्रामपंचायत, जिल्हा प्रशासन हे सगळे त्याच्यानंतर येतात.

याच्या जोडीला प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. रोगनियंत्रण एकीकडे आणि जनावरांचे कल्याण दुसरीकडे, असे बहुतेक जण धरून चालतात. गोठ्यात मात्र ही एकाच कामाची दोन टोके आहेत. आजारी गाय वेगळी बांधा, असे २००९ चा कायदा सांगतो. त्या वेगळ्या जागी तिला पुरेसा चारा, पाणी, निवारा दिला नाही, तर १९६० च्या कायद्याच्या कलम ११ खाली तो गुन्हा होतो. संसर्गजन्य आजार झालेले जनावर जाणूनबुजून रस्त्यावर मोकळे सोडणे, हेही याच कलम ११ मध्ये क्रूरता म्हणून लिहिलेले आहे. म्हणून पुढची सगळी कामे दोन्ही कायदे एकत्र धरून सांगितली आहेत.

साथ नसताना: बिल्ला, लस आणि वही

कानातला पिवळा बिल्ला, म्हणजे त्यावरचा १२ अंकी क्रमांक, हीच सरकारदरबारी जनावराची ओळख. लसीकरण, उपचार, मालकी बदल, विमा, भरपाई सगळे याच क्रमांकावर 'भारत पशुधन' प्रणालीत नोंदले जाते. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीवर आणि वाहतुकीवर बंधने आली. बिल्ला पडला असेल तर दवाखान्यात जाऊन नवा मारून घ्या आणि जुना क्रमांक सोबत न्या, म्हणजे आधीच्या नोंदी तुटत नाहीत. वासरू जन्मले, जनावर विकले, मेले, तरी त्याची नोंद करायला सांगा. विकलेले जनावर कागदावर तुमच्याच नावावर राहिले, तर पुढे त्याच्याबद्दल विचारणाही तुमच्याकडेच होते.

लसीकरणाचे म्हणाल, तर सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात लाळ्या खुरकुताची लस वर्षातून दोनदा मोफत दिली जाते. वासराला पहिली मात्रा चौथ्या महिन्यात, महिन्याभराने बूस्टर, मग दर सहा महिन्यांनी. याच कार्यक्रमातली दुसरी लस ब्रुसेलोसिसची, म्हणजे सांसर्गिक गर्भपाताची. ती फक्त ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना, आयुष्यात एकदाच. तिच्यात जिवंत जंतू असतात, म्हणून गाभण जनावराला किंवा नराला ती देत नाहीत आणि टोचणाऱ्यानेही हातमोजे घालायचे असतात. कालवड नवव्या महिन्यात गेली की संधी हुकली. त्यामुळे जन्मतारीख वहीत असणे गरजेचे आहे.

घटसर्प आणि फऱ्या (मांडी-खांद्याला सूज आणणारा रोग) यांची लस पावसाळ्यापूर्वी, शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषाराचीही त्याच सुमारास. शेळ्या-मेंढ्यांत झपाट्याने पसरणाऱ्या पीपीआर या रोगाच्या लसीची एक मात्रा सुमारे तीन वर्षे संरक्षण देते. लम्पीसाठी आपल्याकडे शेळ्यांच्या देवीची लस वापरली गेली आणि ती दरवर्षी द्यावी लागते. लस दिल्यावर एक-दोन दिवस अंग तापते, दूध थोडे घटते. या कारणासाठी लस टाळणारे घर गावातल्या इतरांनाही धोक्यात घालते, हे मी स्पष्टच सांगतो. आजारी किंवा तापाने फणफणलेल्या जनावराला त्या दिवशी लस देऊ नये, आणि प्रत्येक जनावराला सुई वेगळी हवी. लस टोचणारा माणूस आदल्या दिवशी साथीच्या गोठ्यात होता का, हे विचारायला संकोच नको.

ऊसतोडीला बैल घेऊन निघणाऱ्यांनी आणि मेंढपाळांनी हे वेळापत्रक मुक्काम हलण्याच्या किमान महिनाभर आधी पूर्ण करावे. कारखान्याच्या तळावर अनेक तालुक्यांतले बैल एकत्र येतात. लस लागू पडायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे निघायच्या दिवशी टोचलेली लस रस्त्यात उपयोगी पडत नाही.

वही साधी चालेल. जनावराचा बिल्ला, जन्म, विण्याच्या तारखा, प्रत्येक लस, प्रत्येक आजार, कोणते औषध कधी दिले आणि दूध किती दिवस वापरायचे नाही असे डॉक्टरांनी सांगितले, इतके लिहा. प्रतिजैविके दिलेल्या जनावराचे दूध ठरलेल्या दिवसांआधी डेअरीला घालू नये. गोठ्यात कोण बाहेरचे आले, तेही टिपून ठेवा. साथ आली की रोग कुठून आला हे शोधताना या नोंदी फार कामाला येतात.

नवे जनावर घरी आणताना

विकत आणलेले जनावर थेट दावणीला बांधू नका. २१ ते ३० दिवस ते वेगळे ठेवा, शक्यतो वेगळ्या छपराखाली. बादली, गव्हाण, दोर, खराटा वेगळा. रोजचे काम करताना आधी आपल्या निरोगी जनावरांचे आटपावे, नव्याचे शेवटी. दुभती गाय किंवा म्हैस घेत असाल, तर ब्रुसेलोसिस आणि क्षयाची तपासणी करून घ्या. तपासणीचा खर्च पुढच्या नुकसानीपुढे अगदी किरकोळ असतो. बाजारातून न विकता परत आलेले आपलेच जनावरही या नियमात येते, आणि नेमके तेच सगळे विसरतात.

कोणती लक्षणे दिसली की थांबायचे नाही

तोंडातून तारेसारखी लाळ, जिभेवर आणि खुरांच्या बेचक्यात फोड, लंगडणे: लाळ्या खुरकूत. ताप, डोळ्या-नाकातून पाणी आणि दोन-तीन दिवसांत अंगभर गाठी: लम्पी. उंच ताप, गळ्याखाली सूज, घरघर आणि काही तासांत मृत्यू: घटसर्प. शेळ्या-मेंढ्यांत ताप, नाक वाहणे, तोंडात चट्टे, हगवण एकदम अनेकांना: पीपीआर. गाभण काळाच्या शेवटच्या तिमाहीत गर्भपात, विशेषतः एकापाठोपाठ दोन जनावरांत: ब्रुसेलोसिसचा संशय. कोंबड्यांत अचानक मोठी मर: राणीखेत किंवा बर्ड फ्लू, आणि कोणता ते प्रयोगशाळाच सांगू शकते. भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला होता.

दोन बाबतींत हात लावायचा मोह आवरायचा. जनावर अचानक मेले, नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त आले, तर फाशी (अँथ्रॅक्स) या रोगाचा संशय धरा आणि प्रेताला हात लावू नका. दुसरे, गाय गिळू शकत नाही, लाळ गळते, आवाज बदलला आहे, तेव्हा घशात काही अडकले असेल म्हणून तोंडात हात घालू नका. पिसाळीतही (रेबीज) असेच दिसते. तसा संपर्क आला असेल तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच माणसांच्या दवाखान्यात जायचे, जनावराचा अहवाल येईपर्यंत थांबायचे नाही.

खबर कोणाला, कशी द्यायची

२००९ च्या कायद्याच्या कलम ४ नुसार, अनुसूचीतला, म्हणजे कायद्याला जोडलेल्या यादीतला, रोग असल्याचे मानायला कारण असेल, तर मालकाने ते ग्राम अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवले पाहिजे. रोग सिद्ध झालेला असणे गरजेचे नाही, संशय पुरेसा आहे. जबाबदारी फक्त मालकाची नाही. जनावर ज्याच्या ताब्यात आहे, तो गोठ्यातला गडी असो, गोशाळा असो की संस्था, त्या प्रत्येकावर ती आहे. लाळ्या खुरकूत, लम्पी, घटसर्प, फाशी, ब्रुसेलोसिस, पीपीआर, पिसाळी, बर्ड फ्लू, राणीखेत, डुकरांचा आफ्रिकन स्वाइन फीवर हे सगळे अनुसूचीत आहेत.

व्यवहारात असे करा. आधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर कळवा. त्याच दिवशी ग्रामपंचायतीत लेखी अर्ज द्या. त्यात तुमचे नाव, गट क्रमांक किंवा वस्ती, आजारी जनावरांचे बिल्ला क्रमांक, लक्षणे कधी सुरू झाली, एकूण जनावरे किती, गेल्या महिन्यात कोणते जनावर आणले किंवा विकले, हे असू द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. कायदा मालकाकडून लेखीच मागत नाही, पण पुढे भरपाईची किंवा 'तुम्ही लपवलेत' अशा आरोपाची वेळ आली, तर तारखेचा शिक्का असलेला हा कागदच तुमच्या बाजूने बोलतो.

डॉक्टर येण्याआधी घरगुती इंजेक्शने देऊ नका, त्याने लक्षणे झाकली जातात. नमुने घ्यायला आलेल्यांना सहकार्य करा. जनावरांची तपासणी करण्याचा अधिकार कायद्याने पशुवैद्यकांना दिलेला आहे.

लोक खबर का देत नाहीत, हे मला समजते. दूध बंद होईल, बाजार बंद होईल, गावात नाव खराब होईल, ही भीती खरी आहे. पण लाळ्या खुरकुताचा विषाणू पहिले फोड दिसण्याच्या आधीपासून बाहेर पडत असतो. लपवलेल्या चार दिवसांत तो सामाईक पाणवठ्यावरून, दुधाच्या गाडीच्या चाकांवरून आणि माणसांच्या चपलांवरून पुढच्या वस्तीत पोहोचलेला असतो. लवकर कळवले तर भोवतालच्या गावांत लस देऊन साथ अडवता येते. उशीर झाला की तेवढीही संधी उरत नाही.

या कायद्यातले दंड मोठे नाहीत. तरतुदींचा भंग केल्यास पहिल्या वेळी १,००० रुपयांपर्यंत, पुन्हा केल्यास २,००० रुपये दंड, आणि दंड न भरल्यास कैद. पण दंडाच्या आकड्यावरून गांभीर्य मोजणे ही चूक ठरेल.

आजारी जनावर वेगळे करणे

२००९ च्या कायद्याच्या कलम ५ नुसार आजारी जनावर निरोगी जनावरांपासून वेगळे बांधायचे, ते सामाईक गायरानात चारायचे नाही आणि तळे, नदी, हौद किंवा सामाईक भांड्यातून पाणी पाजायचे नाही. मालक नसलेल्या आजारी जनावरांना वेगळे करण्याची जबाबदारी पंचायत किंवा नगरपालिकेची आहे. गावात मोकाट वळू गाठींनी भरलेला फिरत असेल, तर पंचायतीला लेखी कळवा.

वेगळी जागा निवडताना वारा आणि पाण्याचा उतार बघा. आजारी जनावराचे मूत आणि धुवण निरोगी गोठ्याकडे वाहता कामा नये. जागा कोरडी हवी, वर सावली हवी, आणि जनावराला उठता, वळता, आडवे होता येईल इतका दोर हवा. फार आखूड किंवा जड साखळीने दीर्घकाळ बांधणे कायद्याने क्रूरता आहे आणि आजारात तर ते जीवघेणे ठरते. लम्पीत पाय सुजलेले जनावर एकाच कुशीवर पडून राहिले की जखमा होतात. खाली वाळलेले पाचट किंवा भुसा जाड पसरून दिवसातून तीन-चार वेळा कूस बदलावी.

लाळ्या खुरकुतात तोंड सोललेले असते, कडबा चावत नाही. बारीक कापलेला हिरवा चारा, कण्यांची किंवा पिठाची पातळ पेज द्या. तोंड तुरटीच्या किंवा फिकट गुलाबी पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने धुवा. वासरू त्या गाईचे दूध पीत असेल तर ते वेगळे करा, कारण लहान वासरांत हा विषाणू हृदयावर घाला घालतो. लम्पीत गोचीड, माश्या, डास यांचा बंदोबस्त म्हणजे निम्मा उपचार. शेण रोज उचला, साचलेले पाणी काढा, गोचीडनाशक डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातच वापरा. लम्पी माणसाला होत नाही आणि उकळलेले दूध पिता येते, हे शेजाऱ्यांनाही सांगा. अफवांमुळे २०२२ मध्ये जनावरे सोडून देण्यापर्यंत मजल गेली होती, आणि जनावर असे टाकून देणेही कलम ११ खाली गुन्हाच आहे.

आजारी जनावराचे काम एकाच माणसाने करावे. गोठ्याबाहेर पडताना हात-पाय धुवावेत, कपडे बदलावेत. दारात पाय बुडवायला द्रावण ठेवा: लाळ्या खुरकुतासाठी ४ टक्के धुण्याचा सोडा, लम्पीसाठी २ ते ३ टक्के सोडियम हायपोक्लोराइट. शेण-मातीने भरलेल्या जागेवर द्रावण टाकून उपयोग नाही. आधी घासून धुवा, मग फवारा. गर्भपात झालेल्या जनावराची वार आणि गर्भ उघड्या हाताने उचलू नका, कुत्र्यांना टाकू नका. ब्रुसेलोसिस माणसाला होतो आणि महिनोन्महिने ताप-सांधेदुखीने छळतो.

आजारी बैलाला औताला किंवा गाडीला जुंपणे, लंगडत असला तरी 'जवळच जायचंय' म्हणून हाकणे, हेही गुन्ह्यातच मोडते.

नियंत्रित क्षेत्र जाहीर झाल्यावर

अधिसूचना निघाली की त्या रोगाला बळी पडणाऱ्या जातीच्या जनावरांना क्षेत्राबाहेर नेणे आणि आत आणणे यावर बंदी किंवा अटी येतात. जिवंत जनावरांबरोबर प्रेत, कातडी, वैरण, अंथरलेले गवत, अशा रोग पसरवू शकणाऱ्या वस्तूही त्यात येतात. बाजार, जत्रा, प्रदर्शने, शर्यती थांबतात. आजारी जनावर बाजारात आणणे तर एरवीही मनाईच आहे. लसीकरण सक्तीचे होते आणि लसीचा दाखला सोबत ठेवावा लागतो. लस दिल्यानंतर किती दिवसांनी जनावर हलवता येईल, हे त्या आदेशात लिहिलेले असते. आदेशाची प्रत पंचायतीत किंवा दवाखान्यात मागून स्वतः वाचा, कोणाच्या ऐकीव माहितीवर गाडी भरू नका.

कोंबड्यांचे नियम आणखी कडक आहेत. बर्ड फ्लू ठरला की साधारण १ किलोमीटरच्या संसर्गित भागातले पक्षी नष्ट केले जातात आणि त्यापुढे १० किलोमीटरपर्यंत पाळत ठेवली जाते. नष्ट केलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, आधीच मेलेल्यांची मिळत नाही. लवकर कळवण्याचे हे अगदी रोकडे कारण आहे.

जनावर वाचणार नाही आणि रोग पसरण्याचा धोका आहे, असे पशुवैद्यकाला वाटले तर तो लेखी आदेशाने दयामरण देऊ शकतो. हा निर्णय त्याचा आहे, मालकाने किंवा शेजाऱ्यांनी परस्पर घ्यायचा नाही.

जनावर दगावल्यास

प्रेत नदी, ओढा, कालवा, तळे यांत टाकल्यास २००९ च्या कायद्यात स्वतंत्र शिक्षा आहे. वस्ती, विहीर, पाणवठ्यापासून दूर ६ ते ८ फूट खोल खड्डा घ्या, खाली आणि वर चुना टाका, भोवती काटेरी झुडपे लावा म्हणजे कुत्री उकरत नाहीत. पुरण्याआधी बिल्ल्यासकट फोटो काढा आणि डॉक्टरांचा पंचनामा होऊ द्या. फाशीचा संशय असेल तर कातडे काढायचे नाही, चिरायचे नाही, कान कापून बिल्ला काढायचा नाही. हवा लागली की त्या जंतूंची बीजे तयार होतात आणि मातीत दशकानुदशके जिवंत राहतात. नाका-तोंडात चुन्यात भिजवलेली कापडे कोंबून ते प्रेत जागच्या जागी, अखंड पुरतात.

अजून एक गोष्ट मनापासून सांगतो. जनावरांसाठी वेदनाशामकांपैकी डायक्लोफिनॅक २००६ पासून आणि केटोप्रोफेन, अॅसेक्लोफिनॅक २०२३ पासून बंद आहेत, कारण ही औषधे दिलेले प्रेत खाऊन गिधाडे मरतात. वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम मागा.

गाडीत चढवण्यापूर्वी

१९७८ च्या वाहतूक नियमांनुसार, जनावर प्रवासाला योग्य आहे आणि त्याला संसर्गजन्य रोग नाही, असा पशुवैद्यकाचा दाखला हवा. मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त गाई-बैल नकोत, तळाला न घसरणारे अंथरूण हवे, जनावरांसोबत दुसरा माल नको आणि एक माणूस त्यांच्याजवळ हवा. मोटार वाहन नियमांनी गाय किंवा म्हशीमागे २ चौरस मीटर आणि शेळी-मेंढीमागे ०.३ चौरस मीटर जागा ठरवली आहे. पायी नेताना गाई-बैलांना दिवसाला ३० किलोमीटर आणि ८ तास ही मर्यादा, त्यातही पाणी-चाऱ्यासाठी थांबे. ओढकामाच्या १९६५ च्या नियमांत दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांवर असताना दुपारी १२ ते ३ जुंपायचे नाही. दमलेल्या, तहानलेल्या जनावराची प्रतिकारशक्ती ढासळते. प्रवासानंतर घटसर्प उफाळतो तो याचमुळे.

दूध सोडण्यासाठी ऑक्सिटोसिन टोचणे १९६० च्या कायद्याच्या कलम १२ खाली येते. कलम ११ च्या किरकोळ दंडांच्या मानाने इथे दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

भरपाई, विमा आणि गोठा पुन्हा भरणे

२०२२ मध्ये राज्याने लम्पीने दगावलेल्या दुधाळ गाईसाठी ३०,००० रुपये, बैलासाठी २५,००० आणि वासरासाठी १६,००० रुपये दिले. रकमा आणि अटी प्रत्येक साथीच्या शासन निर्णयाप्रमाणे बदलतात, त्यामुळे ताजा निर्णय बघा. कागद मात्र बहुधा तेच लागतात: बिल्ला क्रमांक, लसीची नोंद, खबर दिल्याची पोच, पंचनामा, आधार आणि बँक खाते. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ पासून विम्याच्या हप्त्यातला पशुपालकाचा वाटा १५ टक्क्यांवर आणला आहे. विमा असेल तर पुरण्याआधी कंपनीलाही कळवा.

शेवटचे आजारी जनावर बरे झाले किंवा दगावले, की गोठा रिकामा करून तळ, गव्हाण, भिंतीचा खालचा भाग, दोर, बादल्या घासून धुवा, जंतुनाशक मारा, कोरडे होऊ द्या आणि काही दिवसांनी पुन्हा एकदा मारा. कच्च्या जमिनीची वरची माती काढून चुना मिसळा. उरलेली उष्टी वैरण जाळा. निर्बंध उठल्याचा आदेश निघेपर्यंत नवे जनावर आणू नका. आणाल तेव्हा आधी एकच आणा, ते महिनाभर वेगळे ठेवा, आणि बाकीची त्यानंतर.